जर्मनीला शिकायला निघालात? आधी नकाशा उघडा, मग युनिव्हर्सिटी शोधा

दर वर्षी दिवाळी आटोपली की मला फोन यायला लागतात. आत्याच्या शेजाऱ्यांचा मुलगा, कॉलेजातल्या मित्राची बहीण, कुणाचा तरी भाचा. प्रश्न ठरलेला: "दादा, जर्मनीत टॉपची युनिव्हर्सिटी कुठली?" मी उलट विचारतो, "शिकून काम काय करायचंय? आणि छोट्या गावात राहायला चालेल का?" पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "ते बघू नंतर. रँकिंगचं तेवढं सांगा ना."

मीही पुण्यातून मेकॅनिकलची बीई करून अशीच रँकिंगची यादी घेऊन बसलो होतो. प्रवेश मिळाला माग्डेबुर्गला, ज्या गावाचं नाव तोवर कानावरही पडलं नव्हतं. आजीला ते शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. ती 'मगदेबुवा' म्हणायची. मगदेबुवांच्या गावात राहूनच मला कळलं की या देशात गाव आधी ठरवायचं आणि कॉलेज नंतर. आता जे लिहितोय ते त्याच क्रमाने.

पहिली पायरी: भिंतीवर नकाशा लावा

जर्मनीचं क्षेत्रफळ साधारण ३ लाख ५७ हजार चौरस किलोमीटर आणि महाराष्ट्राचं जवळपास ३ लाख ८ हजार. महाराष्ट्राला पंजाब जोडला की झाला जर्मनी. लोकसंख्या मात्र सव्वाआठ कोटींच्या थोडी वर, म्हणजे आपल्यापेक्षा बरीच कमी. शेजारी देश ९.

नकाशाचे आडवे तीन पट्टे पाडा. वरचा पट्टा सपाट, वाऱ्याचा, बंदरांचा: हाम्बुर्ग, ब्रेमेन, रोस्टॉक. मधला डोंगराळ, पण आपल्या सह्याद्रीसारखे कडे-सुळके नाहीत. हार्झ, आयफेल, थ्युरिंगियाची जंगलं, सगळं कसं गोलसर. खाली दक्षिणेला जमीन चढत चढत आल्प्सला भिडते आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर त्सुगश्पित्से हे २,९६२ मीटरचं शिखर येतं.

आता अक्षांश बघा. श्रीनगर ३४ अंशांवर, बर्लिन साडेबावन्न अंशांवर. याचा अर्थ पुस्तकात कळत नाही, डिसेंबरात कळतो. सकाळी सव्वाआठला उजाडतं आणि दुपारी चारच्या आत सूर्य गडप. दुपारचं लेक्चर संपवून बाहेर आलात की रात्र. थंडीला जाकीट मिळतं, अंधाराला मिळत नाही. पहिल्या हिवाळ्यात बरीच मुलं घरी फोनवर उगाच चिडचिड करतात, त्यामागे निम्म्या वेळा हेच असतं. जूनमध्ये याचा वचपा निघतो: रात्री साडेनऊपर्यंत लख्ख उजेड. भारताशी घड्याळाचं अंतर उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. आईला हे पहिल्याच आठवड्यात समजावून ठेवा.

नकाशावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट डोंगर-नद्यांची नाहीच. १८७१ पर्यंत जर्मनी नावाचं एक राज्य नव्हतं. राजे, सरदार, धर्मगुरू आणि स्वतंत्र शहरं यांची गोधडी होती ती, आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःची राजधानी, स्वतःचं नाट्यगृह आणि जमलंच तर स्वतःचं विद्यापीठ हवं असायचं. म्हणून हायडेलबर्ग १३८६चं, लाइपझिग १४०९चं, ट्युबिंगेन १४७७चं, ग्योटिंगेन १७३७चं, आणि ही चारही गावं तेव्हा चार वेगळ्या राज्यांतली. आजही देश १६ राज्यांचा संघ आहे आणि शिक्षण हा राज्यांचा विषय. फी असावी की नसावी, नियम काय असावेत, हे त्या त्या राज्यात ठरतं. आपल्याकडे कसं, सगळं मुंबई-पुण्याकडे ओढलं जातं. इथे तसं एकच ओढणारं शहर नाही. राजकारण बर्लिनला, बँका फ्रँकफर्टला, बंदर हाम्बुर्गला, मोटारी श्टुटगार्ट आणि म्युनिकला, सर्वोच्च घटनात्मक न्यायालय तर कार्ल्सरूहला.

दुसरी पायरी: त्या नकाशावर कारखाने मांडा

२०२३ मध्ये जर्मनीने जपानला मागे टाकलं आणि अर्थव्यवस्थेच्या आकारात अमेरिका आणि चीननंतर तिसरा नंबर मिळवला. हे वाक्य एजंट लोक फार प्रेमाने सांगतात. ते सांगत नाहीत ते हे: २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं हीच अर्थव्यवस्था थोडी आक्रसली. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवागेन आणि कामगार संघटनेत करार झाला आणि २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५ हजारांहून जास्त जागा कमी करायचं ठरलं. स्वस्त रशियन गॅस गेला, चीनमधली मागणी घटली, विजेवरच्या गाड्यांच्या शर्यतीत उशीर झाला. तेव्हा 'ऑटोमोबाइलला मरण नाही' असं म्हणणाऱ्या काकांचं जरा जपून ऐका.

माझ्या माग्डेबुर्गचंच बघा. २०२२ मध्ये इंटेलने तिथे चिपचे प्रचंड कारखाने काढायची घोषणा केली. गावात आनंदीआनंद. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रकल्प पुढे ढकलला, २०२५च्या जुलैत रद्दच झाला. त्या भरवशावर आलेली मुलं मला माहीत आहेत. एका कंपनीच्या घोषणेवर गाव निवडू नका. गावात आणि आसपास पाच-सहा वेगवेगळे उद्योग आहेत का, ते बघा.

मोठी नावं सगळ्यांना ठाऊक असतात. माझं म्हणणं, छोटी गावं बघा. जर्मन लोक ज्याला 'मिटेलश्टांट' म्हणतात तो मधल्या आकाराच्या, बहुधा एखाद्या कुटुंबाच्या मालकीच्या कंपन्यांचा थर हा खरा कणा. डॅन्यूबच्या काठावर टुटलिंगेन नावाचं गाव आहे, आपल्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाएवढं. तिथे शस्त्रक्रियेची हत्यारं करणाऱ्या शेकडो कंपन्या आहेत. तुमच्या ओळखीत कुणी सर्जन असेल तर त्याला विचारा, 'कार्ल श्टोर्त्स' माहीत आहे का. दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया करणारा प्रत्येक जण हो म्हणेल. ती कंपनी त्याच गावची. सॉफ्टवेअरवाल्या एसएपीचं मुख्यालय वालडोर्फ नावाच्या, जेमतेम १५ हजार वस्तीच्या गावात. हेर्त्सोगेनाउराखमध्ये दोन भाऊ भांडले म्हणून आदिदास आणि पुमा अशा दोन कंपन्या झाल्या. दोन्ही आजही तिथेच आहेत. ऱ्हाइनकाठच्या श्वानाउ या खेड्यात बोगदे खोदणारी अजस्र यंत्रं बनतात. येनामध्ये कार्ल त्साइसने १८४६ साली छोटं वर्कशॉप टाकलं. भिंगं आणि काच हा त्या गावाचा धंदा अजून चालू आहे आणि विद्यापीठातलं प्रकाशशास्त्रही त्याच मातीतलं.

यातला धडा असा की मेडिकल डिव्हाइसमध्ये काम करायचं असेल तर टुटलिंगेनजवळचं साधं कॉलेज तुम्हाला बर्लिनच्या नामांकित विद्यापीठापेक्षा जास्त कामाला येऊ शकतं. इंटर्नशिप, प्रकल्प, थिसिस हे सगळं आसपासच्या कंपन्यांत होतं आणि पहिली नोकरी बऱ्याचदा तिथूनच निघते. अशा कंपन्यांत जेवणाच्या टेबलावर जर्मनच बोलतात. मुलाखत इंग्रजीत पार पडेल, पण शॉप फ्लोअरवरचा अनुभवी कारागीर तुमच्यासाठी इंग्रजी शिकणार नाही. म्हणून निघण्याआधी मुंबई किंवा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा कुठेही, निदान बी१ (सहापैकी तिसऱ्या) पातळीपर्यंत जर्मन करा. कोर्स इंग्रजीत असला तरी.

नद्यांकडेही एकदा बघून घ्या. ऱ्हाइन ही वाहती मालगाडी आहे. काउब नावाच्या गावापाशी तिचं पात्र उथळ होतं आणि २०१८ आणि २०२२च्या उन्हाळ्यात तिथली पाण्याची पातळी इतकी उतरली की बोटी अर्ध्यामुर्ध्या भरून न्याव्या लागल्या. त्याची झळ वरच्या बाजूला लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफला, म्हणजे जगातल्या अवाढव्य रसायन संकुलांपैकी एकाला बसली. केमिकलवाल्यांनो, तुमच्या कोर्सचा पत्ता ऱ्हाइनला विचारा.

आणि रूर. कोळसा आणि पोलादाचा पट्टा, एकेकाळी देशाचं इंजिन. कोळसा मावळू लागला तसं तिथे १९६५ मध्ये बोखूमचं विद्यापीठ उघडलं. बोट्रोपची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली आणि जर्मनीतला दगडी कोळसा खणणं संपलं. बोखूममधला ओपेलचा मोटार कारखाना २०१४ मध्ये बंद पडला होता. आज त्या जागेवर संशोधनाच्या इमारती आहेत. दर्शनी सौंदर्य शून्य, पण घरं परवडतात, शहराला शहर लागून आहे आणि लोक मोकळे. मला हा भाग फार आवडतो.

पूर्व जर्मनीविषयी दोन शब्द. ३ ऑक्टोबर १९९० ला दोन जर्मनी एक झाले, पण पगार आणि भाडं यांच्या नकाशावर ती जुनी सीमा अजून दिसते. म्युनिकमध्ये सामायिक घरातल्या एका खोलीला ७०० ते ८०० युरो सहज जातात, केम्निट्झमध्ये तीनशेच्या आसपास मिळते. माझी दोन वर्षं त्या फरकावर निघाली.

तिसरी पायरी: कॉलेजांचे प्रकार ओळखा

'उनिवेर्सिटेट' म्हणजे सिद्धांत आणि संशोधन. 'टेक्निशे उनिवेर्सिटेट' म्हणजे तेच, तंत्रज्ञानाकडे झुकलेलं. यातल्या नऊ जुन्या संस्थांचा 'टीयू ९' नावाचा गट आहे आणि आखेन, बर्लिन, ब्राउनश्वाइग, डार्मश्टाट, ड्रेस्डेन, हानोवर, कार्ल्सरूह, म्युनिक, श्टुटगार्ट ही त्यातली गावं. तिसरा प्रकार 'फाखहोखशूले', ज्याला आता उपयोजित विज्ञानांचं विद्यापीठ म्हणतात: छोटे वर्ग, उद्योगातून आलेले प्राध्यापक, अभ्यासक्रमातच कंपनीतलं सत्र. आपली मुलं या तिसऱ्याला उगाच कमी लेखतात. नोकरीच करायची असेल तर तो उत्तम रस्ता आहे. डॉक्टरेटचं मनात असेल तर मात्र आधी विचार करा. काही अपवाद सोडले तर या संस्था स्वतः डॉक्टरेट देत नाहीत. संशोधनाचा मोठा भाग तर विद्यापीठांच्या बाहेर, माक्स प्लांक, फ्राउनहोफर, हेल्महोल्त्स, लाइबनित्स या संस्थांत चालतो, आणि त्यांच्या प्रयोगशाळा बहुधा विद्यापीठांच्या गावांतच असतात. थिसिससाठी त्यांची दारं जरूर ठोठवा.

विषय आणि भूगोल कसे जुळतात याचं माझं लाडकं उदाहरण फ्रायबेर्गचं (दक्षिणेतलं फ्रायबुर्ग वेगळं, तिकीट काढताना घोटाळा होतो). सॅक्सनीतल्या चांदीच्या खाणींमुळे तिथे १७६५ मध्ये खाणकामाची अकादमी निघाली. इंडियम हे मूलद्रव्य १८६३ मध्ये आणि जर्मेनियम १८८६ मध्ये त्याच गावात सापडलं. धातू, खनिजं, मटेरियल सायन्स करणाऱ्या मुलाने ते गाव सोडून रँकिंगमागे धावावं, याला काय म्हणायचं?

बर्लिनला जाणाऱ्यांसाठी एक आडवळण. इरावती कर्वे १९२८ मध्ये पुण्याहून बर्लिनला गेल्या आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या. त्यांची पदवी ज्या विद्यापीठाची, ते आजचं हुम्बोल्ट. पण डालेममधली ज्या संस्थेची इमारत त्यांचं कामाचं ठिकाण होतं, ती आज फ्राये (म्हणजे 'मुक्त') विद्यापीठाकडे आहे. युद्धानंतर शहराचे तुकडे झाले, जुनं विद्यापीठ सोव्हिएत भागात गेलं, म्हणून पश्चिमेत १९४८ मध्ये नवं काढलं. एका शहरात दोन मोठी विद्यापीठं का, याचं उत्तर हे. वंशावंशांत कवटीच्या ठेवणीचा फरक शोधायचा होता डालेमच्या त्या संस्थेला. इरावतीबाईंनी मोजमापं केली आणि तसा फरक नाही असं लिहून दिलं, तेही स्वतःच्या गाइडच्या मताविरुद्ध. डालेमला गेलात तर ती इमारत बघून या.

फीचं गणित: सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणीची फी नाही. सत्राला १०० ते ४०० युरो वर्गणी असते, त्यात बऱ्याच ठिकाणी बस-रेल्वेचा पासही येतो. अपवाद लक्षात ठेवा. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सत्राला १,५०० युरो घेतं. म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ २०२४च्या हिवाळ्यापासून मास्टर्सला सत्राचे ४ ते ६ हजार घेतं. मी स्वतः आता बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये नोकरी करतो, तेव्हा पक्षपात गृहीत धरा, पण इथल्या उद्योगांची दाटी पाहता चार सत्रांचे मिळून इथले ६ हजार युरो मला महाग वाटत नाहीत. महाराष्ट्राशी या राज्याचं भागीदारीचं नातं आहे, श्टुटगार्ट हे मुंबईचं भगिनी शहर आहे आणि चाकणला मर्सिडीज, नाशिकला बॉश, असे आपल्याकडचे धागेही इथेच येऊन मिळतात.

खासगी कॉलेजं वेगळी. 'आम्ही फुकट मार्गदर्शन करतो' म्हणणारा सल्लागार तुमच्यापुढे फक्त खासगीच ठेवत असेल, तर त्याचं कमिशन कोण देतं ते ओळखा. संस्था सरकारी की खासगी, हे 'होखशूलकोम्पास' या अधिकृत यादीत दोन मिनिटांत दिसतं. इंग्रजीतले कोर्स डीएएडीच्या, म्हणजे जर्मनीच्या विद्यार्थी-विनिमय संस्थेच्या यादीत मिळतात. दोन्ही फुकट.

चौथी पायरी: आपले मार्क त्यांच्या भाषेत

जर्मनीत १.० सर्वांत चांगला आणि ४.० म्हणजे काठावर पास. रूपांतराचं सूत्र सोपं आहे: सर्वाधिक शक्य गुणांतून तुमचे वजा करा, त्याला सर्वाधिक वजा पास होण्याचे गुण यांनी भागा, ३ ने गुणा, १ मिळवा. १० पैकी ८ सीजीपीए आणि पास ४ ला असेल तर २ भागिले ६ गुणिले ३ अधिक १, म्हणजे बरोबर २.०. सीजीपीए ७ असेल तर २.५, आणि ही २.५ची रेघ खूप ठिकाणी प्रवेशाची मर्यादा असते. गंमत पुढे आहे. गुणपत्रिकेवर पासची रेघ ५ छापली असेल तर तोच ७ सीजीपीए २.८ होतो आणि अर्ज बाद. म्हणून पासची रेघ दाखवणारं पत्र विद्यापीठाकडून आधीच घेऊन ठेवा.

मार्कांइतकंच क्रेडिटकडे बघतात. १ क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम आणि मास्टर्सला १२० क्रेडिट. गणितात इतके, यांत्रिकीत इतके अशी अट असते, त्यामुळे बीईचा सिलॅबस विषयवार जपून ठेवा.

बारावीनंतर लगेच जाणाऱ्यांना: नुसत्या बारावीवर थेट पदवीला सहसा घेत नाहीत. जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण असाल, किंवा इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात एक वर्ष यशस्वीपणे केलं असेल तर त्या शाखेचं दार उघडतं. नाहीतर तिथलं एक वर्षाचं 'श्टुडिएनकोलेग' करायचं. माझा सल्ला, पदवी इथे करा आणि मास्टर्सला जा.

पाचवी पायरी: कागद, क्रमाने

विद्यापीठांचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं. त्यासाठी आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात कामाला लागा.

सर्वांत आधी एपीएस. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी हे प्रमाणपत्र लागतं. तुमच्या पदव्या खऱ्या आहेत याची ती पडताळणी. फी १८ हजार रुपये, वेळ काही आठवडे. शेवटचं सत्र बाकी असताना काय चालेल ते त्यांच्या संकेतस्थळावर बघा, पण गुणपत्रिका गोळा करायला आजच लागा. विद्यापीठाच्या खिडकीवर किती फेऱ्या पडतात ते तुम्हाला मी काय सांगायचं.

मग अर्ज. काही विद्यापीठं थेट घेतात, बरीच 'उनि-असिस्ट' या सामायिक सेवेमार्फत. तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. ठरावीक शेवटची तारीख १५ जुलै, पण परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे अनेक कोर्स मार्च ते मेमध्येच दार लावून घेतात. १५ जुलैच्या भरवशावर राहिलात तर व्हिसाला वेळ उरत नाही. पंधरा-वीस अर्ज ठोकू नका. सहा-सात करा, पण प्रत्येकासाठी त्या कोर्सचं 'मोडूलहांडबुख' पूर्ण वाचा. कुठला विषय, किती क्रेडिट, परीक्षा लेखी की तोंडी, सगळं त्यात असतं. हेतुपत्रात 'जर्मनी इज नोन फॉर इंजिनिअरिंग' लिहिण्यापेक्षा त्या पुस्तिकेतले दोन विषय आणि तुमचा एक प्रकल्प जोडून दाखवा.

प्रवेश आला की श्पेरकोंटो, म्हणजे गोठवलेलं खातं. वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरायचे आणि महिन्याला ९९२ परत मिळवायचे. युरोला शंभर रुपये धरले तर १२ लाखांच्या घरात. फी नाही म्हणून जर्मनी फुकट, असं समजणाऱ्यांची झोप इथे उडते. कर्ज काढणार असाल तर बँकेला हा आकडा आधी सांगा. विमा, व्हिसा आणि तिकीट त्यानंतर, याच क्रमाने.

सहावी पायरी: उतरल्यावरचा महिना

खोली आधी. विद्यार्थी कल्याण संस्थेच्या वसतिगृहासाठी प्रवेशपत्र हातात पडल्या दिवशीच अर्ज टाका. रांग मोठी असते. बाहेर शोधताना न बघितलेल्या खोलीसाठी एक पैसाही पाठवू नका. 'मी सध्या लंडनला आहे, चावी कुरिअरने पाठवतो' म्हणणारा मालक हा चोर, यात शंका नको. भाड्याच्या जाहिरातीत 'काल्टमीटे' म्हणजे नुसतं भाडं आणि 'वार्ममीटे' म्हणजे हीटिंग वगैरे धरून. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या नुसत्या भाड्याइतकी.

घरात गेल्यापासून दोन आठवड्यांत 'आनमेल्डुंग', म्हणजे पत्त्याची नोंदणी. त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ते मागून घ्या. ही नोंद झाली की बँक, कराचा नंबर, निवास परवाना अशी पुढची दारं उघडतात. महिन्याभरात रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्रही येईल: घरटी महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. फसवणूक वाटेल, पण नाही. टाकून देऊ नका, घरातल्यांत वाटून भरा. तीस वर्षांच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी आरोग्य विमा महिन्याला दीडशे युरोच्या आसपास पडतो.

काम वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस करता येतं. जानेवारी २०२६ पासून किमान वेतन ताशी १३.९० युरो. पहिल्या सत्रात गोदामात रात्रपाळ्या करू नका, का ते लगेच सांगतो. प्राध्यापकांकडचं 'हीवी' (साहाय्यक) म्हणून काम किंवा कंपनीतलं 'वेर्कश्टुडेंट'चं (शिकता शिकता अर्धवेळ) काम मिळालं तर सोन्याहून पिवळं. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

आता परीक्षा. आपल्याला एटीकेटीची सवय. इथे परीक्षेला बसायचं तर आधी नोंदणी करायची, बसायचं नसेल तर मुदतीत ती रद्द करायची. मी पहिल्याच सत्रात नोंदणीची तारीख चुकवली. अभ्यास झालेला, पेपर समोर, आणि यादीत नाव नाही. चूक सर्वस्वी माझी, सहा महिने गेले. पण त्याहून गंभीर गोष्ट: बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालात तर तो अभ्यासक्रम कायमचा बंद, आणि त्याच शाखेत जर्मनीत दुसरीकडेही सहसा प्रवेश मिळत नाही. हजेरी कुणी घेत नाही, चाचण्या नसतात, सत्राच्या शेवटी एकच पेपर. रात्रपाळीवाली मुलं याच खड्ड्यात पडतात.

वर्गातली एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशी दचकवते. लेक्चर संपलं आणि अख्खा वर्ग बाकांवर बोटांच्या सांध्यांनी टकटक करायला लागला. मला वाटलं, पोरांनी गोंधळ घातला, आता सर भडकणार. सर मान तुकवून हसले आणि निघून गेले. टाळ्यांऐवजी इथे बाक वाजवतात.

आणि रविवार. माझ्या दुसऱ्याच रविवारी मी मिक्सर लावून शेंगदाण्याची चटणी वाटत होतो, दुपारी दोन वाजता. दहा मिनिटांनी दाराखालून चिठ्ठी आली, सुंदर अक्षरात: 'आज रविवार आहे.' बस, एवढंच. मिक्सर, ड्रिल, व्हॅक्यूम, काचेच्या बाटल्या कचऱ्यात फोडणं, हे सगळं रविवारी बंद. रात्री दहानंतर तर रोजच. खालच्या मजल्यावरच्या त्या आजींना मी सोमवारी चटणीची वाटी नेऊन दिली. तिखट लागलं त्यांना, पण वाटी परत आली ती सफरचंदाचा केक घेऊन.

दुकानंही रविवारी आणि सुट्टीला बंद असतात, आणि सत्र सुरू होताना नेमकी ३ ऑक्टोबरची राष्ट्रीय सुट्टी येते. तेव्हा शनिवारी रात्री किंवा २ तारखेला संध्याकाळी उतरेल असं तिकीट काढू नका. मंगळवार-बुधवार सकाळ उत्तम. तरीही अडकलातच तर मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं रविवारी उघडी असतात. नळाचं पाणी बिनधास्त प्या. बाटली विकत घेतलीत तर ती फेकू नका, दुकानातल्या यंत्रात टाकली की २५ सेंटपर्यंत परत मिळतात.